दारावरचा नंबर कोणालाही नाही

मी, व्हर्लिन रायझिग, वय बहात्तर, धंदा ट्रकवाहतूक, राहणार गेरिंग, नेब्रास्का, आज शनिवार दिनांक ९ मार्च २०१९ रोजी माझ्या स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी फुप्फुसे कामातून गेली आहेत असे डॉक्टरांचे म्हणणे आहे. डोक्याबद्दल त्यांची तक्रार नाही. कोणी मला भरीस घातलेले नाही, धमकावलेले नाही, पाजलेले तर मुळीच नाही. वकील मुद्दाम लावला नाही. त्याने कलम सहा गाळायला सांगितले असते, आणि त्या कलमासाठीच तर हा सगळा खटाटोप आहे.

कलम १. राहते घर, मागची शेड आणि शेडमागची अर्धा एकर जागा माझी एकुलती एक मुलगी टॅमरा हिला मिळावी. उत्तरेकडचे छप्पर गळते. मी दर वर्षी "पुढच्या वर्षी करू" म्हणत आलो, ते पुढचे वर्ष आता तिच्या वाट्याला आले. माझा थोरला भाऊ ड्वेन याने "चार दिवस राहतो" म्हणून विनंती केली तर ती मानू नये. त्याचे चार दिवस मी १९९१ साली पाहिले आहेत, ते सात महिने चालले होते.

कलम २. बँकेतल्या शिलकीतून आधी माझा दफनविधी करावा, उरेल ते टॅमराचे. दफनानंतर चर्चच्या हॉलमध्ये लोकांना कॉफी आणि कोबी-खिमा भरलेले पाव द्यावेत. पाव घरी करू नयेत, टॅमराला मीठ कळत नाही. अकॉर्डियनवाल्यांना बोलवावे आणि नाचाचीच गाणी वाजवायला सांगावीत. रडकी गाणी नकोत. मेलेल्यासाठी रडण्याचा कोटा मी सतरा वर्षांपूर्वी संपवायला हवा होता, तेव्हा डोळे कोरडे ठेवले, आता उगाच देखावा नको.

कलम ३. पाने, जॅक, ग्रीसगन, वेल्डिंगचे यंत्र, सगळी हत्यारे शाळेच्या वर्कशॉपला द्यावीत. दोन वस्तू सोडून. एक, मोठा लाल जॅक, कारण तो माझ्याकडे नाही, १९८८ पासून ड्वेनकडे आहे. दुसरी, छोट्या चाकांची ती लाकडी फळी, जिच्यावर पाठ टेकून ट्रकखाली सरकतात. ती टॅमराला. शोभेसाठी नव्हे. रोज, पाऊस असो, बर्फ असो, कोणी कितीही घाई करो, तिच्यावर झोपून आधी ट्रकखाली जायचे, सही नंतर. हा सल्ला नाही, देणगीची अट आहे.

कलम ४. माझा भाऊ ड्वेन रायझिग याला स्वयंपाकघरातली खिडकीजवळची खुर्ची द्यावी. ज्या दिवशी आम्ही कलम सहातला तो कागद भरला, त्या दिवशी तो याच खुर्चीवर बसला होता. याउपर त्याला काही नाही. "निम्मा धंदा माझा" असे तो गावभर सांगत हिंडतो. निम्मे पाप त्याचे आहे हे मला मान्य आहे, तेवढे त्याने खुशाल घ्यावे.

कलम ५. तिन्ही ट्रक आणि चारही ट्रेलर टॅमराला. निळ्या ट्रकचा क्लच जपून वापरावा.

कलम ६. आता नंबराबद्दल.

माझ्या ट्रकांच्या दारावर केंद्र सरकारचा जो नोंदणी नंबर रंगवलेला आहे, शेवटचे आकडे चौतीस, तो आणि त्यासोबतचा राज्याबाहेर माल वाहण्याचा परवाना मी कोणालाही देत नाही. टॅमराला नाही, ड्वेनला नाही, आणि डेन्व्हरच्या त्या फोनवाल्या गृहस्थाला तर नाहीच नाही. तो दर महिन्याला फोन करतो, "काका, सोळा वर्षांचा जुना, स्वच्छ नंबर आहे तुमचा, नव्या पिकअपइतके पैसे देतो." आमच्या धंद्यातल्या माणसाला याचे नवल वाटणार नाही. नव्या नंबराला दलाल महिनोन्‌महिने भाडे देत नाहीत, विमावाले दुप्पट मागतात, सरकारचा माणूस दीड वर्ष मानगुटीवर बसतो. म्हणून जुन्या नंबराला सोन्याचा भाव. पण माझा नंबर स्वच्छ नाही. का नाही, ते आजवर माझ्या बायकोखेरीज आणि ड्वेनखेरीज कोणाला माहीत नव्हते.

टॅमरा, हे तुझ्यासाठी लिहितो आहे, म्हणून सरळ लिहितो.

२००२ साली आम्हा दोघा भावांची एकच कंपनी होती. कागदपत्रे ड्वेन बघायचा, गाड्या मी बघायचो. नोव्हेंबर होता. शेतातून साखरेचे बीट येत होते, साखर कारखाना रात्रंदिवस चालू, गावातला एकूण एक ट्रक रस्त्यावर. आमच्याकडे लोएल स्ट्रो नावाचा ड्रायव्हर होता, एकोणतीस वर्षांचा, घरी बायको आर्लिस आणि तीन वर्षांची मुलगी. पोरगा कामाला चोख. ड्रायव्हरने रोज गाडी तपासून चिठ्ठी लिहायची असते, बाकीचे डोळे मिटून "सर्व ठीक" लिहायचे, हा खरोखर बघून लिहायचा. त्या सकाळी त्याने लिहिले, "मागच्या आसाचे ब्रेक सैल. उतारावर गाडी डावीकडे ओढते." चिठ्ठीखाली मेकॅनिकची सही लागते, दुरुस्ती केली म्हणून. मेकॅनिक मी.

गारठा होता, जमिनीवर चिखल आणि बर्फाचा राडा. घेवड्याची पोती भरून ट्रक उभा होता, आणि ड्वेन ऑफिसच्या दारातून ओरडत होता, "अरे, लग्न लावताय का त्या गाडीचं? हलवा लवकर!" ती फळी भिंतीला टेकून ठेवलेली होती. मी बॉनेटवर चिठ्ठी ठेवून सही केली. "दुरुस्ती केली."

लोएलने विचारले, "व्हर्लिन, खाली जाऊन बघितलंत ना?"

मी म्हणालो, "बघितलं रे बाबा. नीघ तू."

दुपारी लॅरमीच्या घाटात ट्रक उलटला. लोएल जागच्या जागी गेला.

चिठ्ठीच्या दोन प्रती असतात. ट्रकमधली ट्रकबरोबर गेली. ऑफिसातली मी फाइलमधून काढून हत्यारांच्या पेटीत तळाशी ठेवली. चौकशीला आलेल्यांना ड्वेनने सांगितले, "पोरगा गाडी पळवायचा. किती वेळा समजावलं." मी शेजारी उभा होतो. मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी पेपरात तेच, मग गावात तेच.

दफनानंतर लोएलचा बाप, म्हातारा रूबेन, आमच्या शेडमध्ये आला. टोपी हातात. म्हणाला, "माझ्या पोरानं तुमची गाडी घालवली. मला माफ करा." मी त्याला म्हणालो, "असू दे रूबेन, होतं असं." देवाशपथ, हेच शब्द. तो माझा हात दाबून गेला. तीन वर्षांनी वारला, तोच समज उराशी घेऊन.

पुढे सरकारने आमच्या बाकीच्या गाड्या तपासल्या, त्यातल्या निम्म्या नालायक निघाल्या, आणि कंपनी बंद केली. तो आदेश योग्यच होता. ड्वेन म्हणाला, "रडतोस काय? तुझ्या एकट्याच्या नावानं नवीन अर्ज टाक, पत्ता सासूबाईंचा दे, दार नव्यानं रंगव. सगळेच करतात." आमच्याकडे ते करणारे पुष्कळ होते. गाडी तीच, माणसे तीच, फक्त दारावरचा नंबर नवा.

अर्जात एक प्रश्न असतो: मागच्या तीन वर्षांत दुसऱ्या कुठल्या नोंदणीकृत वाहतूक कंपनीशी तुमचा संबंध होता का? तुझी आई लव्हॉन अर्ज भरत होती, तिचे अक्षर चांगले म्हणून. या प्रश्नाशी ती थांबली. "काय लिहू?"

"नाही, असं लिही," ड्वेन खुर्चीवरून म्हणाला.

तिने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "नाही लिही."

लव्हॉनने पेन खाली ठेवला आणि कागद माझ्याकडे सरकवला. "ही खूण तुमची तुम्ही करा. मी नाही करणार." आणि उठून भांडी घासायला लागली. खूण मी केली. त्यानंतर मरेपर्यंत अकरा वर्षे ती माझ्यासोबत राहिली, जेवू घातले, आजारपणे काढली, पण माझ्या ट्रकमध्ये पुन्हा कधी चढली नाही. तू विचारायचीस, आई तुमच्याबरोबर फेरीला का येत नाही. पाठ दुखते म्हणून, असे मी सांगायचो. तिची पाठ ठणठणीत होती.

नोंदणीची माहिती दर दोन वर्षांनी नव्याने भरावी लागते. नंबराचा शेवटचा आकडा महिना ठरवतो, त्याच्या आधीचा वर्ष सम की विषम ते. आमचा चौतीसवर संपतो, म्हणून विषम वर्षी, एप्रिलमध्ये. त्या कागदात तो प्रश्न नसतो. पण खाली सही असते, की वरील सर्व खरे आहे, खोटे असल्यास मी शिक्षेस पात्र आहे. मूळ अर्जाची एक आणि पुढच्या सात, अशा आठ सह्या मी केल्या. यंदाच्या एप्रिलमध्ये नववी करीन, शेवटची. एवढी एक सही पचवायची ताकद आहे माझ्यात. मी गेल्यावर मात्र टॅमराने नंबर आणि परवाना सरकारला परत करावा, दारावरचा रंग खरवडून काढावा, आणि स्वतःच्या नावाने पहिल्यापासून अर्ज करावा. वर्षभर हाल होतील. मला शिव्या द्याव्यात, त्या ऐकायला मी नसेन.

कलम ७. हत्यारांच्या पेटीच्या तळाशी, तेलकट कापडाखाली लोएलची ती चिठ्ठी आहे. ती आर्लिस स्ट्रो हिला द्यावी. तिच्या बेकरीतून मी दर शनिवारी राईचा पाव आणतो. ती दर वेळी विचारते, "छाती कशी आहे, व्हर्लिन?" मी म्हणतो, बरी आहे. चिठ्ठी देताना टॅमराने माझ्या बाजूने काही बोलू नये.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी टॅमराने करावी. याआधीचे मृत्युपत्र नाही, यानंतरचे असण्याइतका श्वास नाही.

सही: व्हर्लिन रायझिग
साक्षीदार: डेलमार हर्डट, टायरचे दुकान. यूनिस बाउअर, ग्रंथालय.
स्थळ: गेरिंग. दिनांक ९ मार्च २०१९.

पुरवणी

वरच्या मृत्युपत्राला ही पुरवणी आज शनिवार, २० एप्रिल २०१९ रोजी जोडत आहे. कलम आठमध्ये श्वासाबद्दल लिहिले ते चुकले. थोडा उरला होता.

९ मार्चला साक्षीदार सह्या करायला आले. साक्षीदारांनी मजकूर वाचायचा नसतो, सही बघायची असते. डेलमारने सही केली, पेनला टोपण लावले आणि सहज म्हणाला, "काल टॅमरा टायर घ्यायला आली होती. म्हणाली, बाबांचा हात थरथरतो, यंदा एप्रिलचा सरकारी कागद मीच सही करून पाठवणार. जानेवारीत कंपनीच्या कागदावर माझंही नाव घातलंय ना."

मी म्हणालो, "असं म्हणाली?"

"खूश होती. म्हणाली, आता खऱ्या अर्थानं माझी कंपनी."

नाव मीच घातले होते, तिला बरे वाटावे म्हणून. यूनिसने विचारले, "पाणी हवंय का? तोंड उतरलंय तुमचं." मी दोघांना कॉफी न देताच वाटेला लावले. मेल्यावर सांगायचे, हा माझा सगळा बेत. माझ्या खोट्याखाली माझ्या जिवंतपणीच तिची सही पडणार, हे माझ्या डोक्यात आले नव्हते. थू माझ्या जिनगानीवर!

दुसऱ्या दिवशी रविवारी ती जेवायला आली. मी मृत्युपत्र तिच्यापुढे ठेवले. "कलम सहा वाच."

तिने वाचले. मग पुन्हा पहिल्यापासून वाचले. "बाबा, हे खरं आहे?"

"अक्षर न् अक्षर."

"तीन गाड्या आहेत. दोन ड्रायव्हर आहेत, त्यांची घरं चालतात या नंबरावर. नव्या नंबराला कोण भाडं देतं, माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आहे."

"आणि हे मी तुमच्या दफनानंतर वाचायचं होतं! हातात पाव, पोटात हे!"

"तसंच ठरवलं होतं."

"मग आज का?"

"तुझी सही पडणार होती."

तिने कागद टेबलावर उलटा ठेवला. मग म्हणाली, "आईला माहीत होतं." तो प्रश्न नव्हता. कोट घेतला आणि गेली. बटाट्याचे सूप तसेच राहिले. मी ते तीन दिवस खाल्ले.

पुढच्या शनिवारी मी चिठ्ठी घेऊन बेकरीत गेलो. नाकात नळी, हातात ऑक्सिजनची गाडी. आर्लिस म्हणाली, "छाती कशी आहे, व्हर्लिन?" मी चिठ्ठी काउंटरवर ठेवली आणि काय आहे ते सांगितले. पंधरा-वीस वाक्ये होती, मध्ये दोनदा दम लागला. तिने मदत केली नाही, अडवलेही नाही.

तिने चिठ्ठीवर बोट ठेवले. "हा त्याचा 'ड'. असाच काढायचा, पोट फुगलेला." मग खाली माझी सही बघितली. "सतरा वर्षं हे तुझ्याकडे होतं?"

"हो."

"माझी केंड्रा गाडी चालवायला शिकली नाही. वीस वर्षांची झाली. म्हणते, बाबांसारखं होईल माझं. बाबांना वेग आवरत नव्हता, तो माझ्या रक्तात असेल." एवढे बोलून तिने चिठ्ठी घडी घालून एप्रनच्या खिशात ठेवली. राईचा पाव कागदात गुंडाळलेला तयार होता, तो उचलून परत फळीवर ठेवला. "पाव दुसरीकडून आण आता."

मी बरे म्हणालो. कलम सात अशा रीतीने पूर्ण झाले, म्हणून ते रद्द. चिठ्ठीची नक्कल आणि सगळा जबाब लिहून मी सरकारकडे पाठवला आहे, आणि परवाना स्वतःच्या सहीने परत केला आहे. नववी सही ती. नंबर आता अस्तित्वात नाही, म्हणून कलम सहाही रद्द. शिक्षा काय व्हायची ती होवो, त्यांनी जरा घाई करावी एवढेच.

ड्वेन आला होता. दारातूनच ओरडला, "म्हाताऱ्या, पोरीच्या पोटावर पाय दिलास!" त्यात काही खोटे नाही. एक ड्रायव्हर सोडून गेला. गाड्या शेडपुढे उभ्या आहेत. टॅमराने दारांवरचा नंबर स्वतः खरवडला, मी खिडकीतून बघत होतो, ती घरात आली नाही. उन्हाने बाकीचा रंग विटला आहे, आकड्यांखालचा तेवढा गडद राहिला, त्यामुळे चौतीस अजूनही वाचता येतो. ड्वेनला खुर्ची मी त्याच वेळी देऊन टाकली. त्याने ती फाटकापाशी टाकली, अजून तिथेच आहे. कलम चार पूर्ण.

कलम तीनमधली फळी राहिली आहे. ती शेडमधून नाहीशी झाली. टॅमराने नेली असेल असे मी धरून चालतो.

त्या रविवारपासून चाळीस दिवस तिने फोन उचलला नाही. काल संध्याकाळी तिचाच आला. ख्यालीखुशाली काही नाही.

"बाबा, अर्ज भरतेय. तो प्रश्न आलाय."

"तुझा संबंध होता माझ्या कंपनीशी. होय लिही."

"ते लिहिलं. खाली मोकळी जागा आहे, तिथं सगळंच लिहितेय, पहिल्यापासून. तुमच्या दोघांच्या जुन्या कंपनीचा नंबर काय होता?"

तो नंबर मी सोळा वर्षांत उच्चारलेला नव्हता. मला वाटले होते विसरलो असेन. मी एकेक आकडा सांगत गेलो आणि पलीकडे पेनचा आवाज येत होता.

"परत सांगा," ती म्हणाली. "सावकाश. चूक व्हायला नको."

मी परत सांगितला.

ही पुरवणी मी शुद्धीत लिहिली आहे. या वेळी साक्षीदारांना मी मजकूर मोठ्याने वाचून दाखवला.

सही: व्हर्लिन रायझिग
साक्षीदार: डेलमार हर्डट. यूनिस बाउअर.
स्थळ: गेरिंग, नेब्रास्का. दिनांक २० एप्रिल २०१९.